प्रत्येक सिनेमातली रेनकोटवाली

मी वर्तमानपत्रात काम करते. दोन माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय बातमी छापायची नाही, ही आमच्याकडची शिस्त. या घटनेला दुजोरा देणारी दोन माणसं आहेत. तरीही ती मी आमच्या पेपरात छापली नाही. इथे सांगतेय, कारण कुठेतरी सांगायलाच हवी.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. ऑगस्टमधला बुधवार होता, सकाळचे अकरा वाजलेले. जागा, टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं आमचं मॅरल बे गाव आणि तिथला जुना टाऊन हॉल.

त्या हॉलमध्ये दर बुधवारी सकाळी सिनेमा असतो. गावातले निवृत्त लोकच तो चालवतात. मध्यंतरात चहा आणि जॅम लावलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव. सिनेमा कुठला, हे कुणी विचारत नाही. बुधवार आहे, म्हणून जायचं.

माझी एल्वामावशी त्यातलीच. वय एक्याऐंशी, छातीत पेसमेकर, जीभ मात्र धारदार. सिनेमा बघून आली की मला ऑफिसात फोन करायची आणि मत सांगायची. ते मी चार ओळींत छापायचे. सदराचं नाव 'एल्वामावशीचं मत'. लोक अग्रलेख सोडून आधी ते वाचायचे.

जूनमध्ये एक प्रेमकथा लागली होती. इटलीतला समुद्रकिनारा वगैरे.

"हिरो बरा आहे," मावशी म्हणाली. "केस कापायला हवेत. हिरोईन जेवत नाही, नुसती काट्याने चिवडते. आणि काय गं, एवढ्या उन्हात त्या बाईला रेनकोट कशाला घातलाय?"

"कुठल्या बाईला?"

"मागे उभी असते ना बसस्टॉपवर, ती."

मी हसले. छापूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात युद्धपट होता.

"आवाज फार. निम्मं तर चिखलात कोण मेलं तेच कळलं नाही. पण एक चांगलं केलं, बाई दाखवली. खंदकातून चालत येते. नर्स असावी."

"नर्सच होती का?"

"रेनकोटात होती."

मी टाइप करता करता थांबले...

त्यानंतर अंतराळातला सिनेमा आला.

"निष्काळजीपणा आहे नुसता," मावशी चिडली होती. "यानात सगळ्यांना ते फुगलेले पांढरे कपडे, आणि ही एकटी रेनकोटात! या वेळी बरीच पुढे होती. खिडकीपाशी. कुणी तपासत नाही का गं असलं काही?"

मी तपासलं. माझं कामच ते. हॉलमध्ये सिनेमा दाखवणारा नेव्ह ओळखीचा, त्याच्याकडून तिन्ही सिनेमे मागून घेतले. दोन रात्री बसून पाहिले.

बसस्टॉप होता. खंदक होता. यानाची खिडकीही होती.

बाई कुठेच नव्हती.

मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नजर वयाच्या मानाने उत्तम. मेंदूचा स्कॅन केला. तोही स्वच्छ.

"सांगितलं होतं तुला," मावशी गाडीत बसताना म्हणाली. "डोकं रिकामं आहे एवढंच निघालं असेल त्यात."

जुलैच्या सुट्टीत शाळकरी मुलांसाठी कार्टून लावलं होतं. एक कुत्रा आणि त्याचा हरवलेला फुगा. त्या दिवशी मावशीचा फोन आला नाही. मीच केला.

"छान होतं," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "कुत्रा शेवटी घरी येतो."

"मावशी... ती होती?"

"होती."

"कार्टूनमध्ये? म्हणजे काढलेली?"



"नाही गं. ती काढलेली नव्हती."

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावून ती बसली होती.

"अगदी पुढे आली होती, केरी. वरचं बटण दिसलं. रेनकोट पिवळट आणि ते बटण निळं. ते मी शिवलंय. दुसरं सापडलं नाही म्हणून निळं लावलं होतं."

"कुणाच्या रेनकोटाला?"

"डल्सीच्या."

डल्सी तिची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. बुधवारी दोघी शेजारी बसायच्या, दोघींचं कधीच पटायचं नाही. मावशीला आवडलेला सिनेमा डल्सीला हमखास भिकार वाटायचा. डल्सी मे महिन्यात गेली. पावसात टॅक्सीने हॉस्पिटलला गेली, ती परत आली नाही.

"ती बोलतेय माझ्याशी," मावशी म्हणाली. "ओठ हलतात. पण आवाज सिनेमाचा येतो. ती काहीतरी सांगते आणि ऐकू काय येतं, तर कुत्र्याचं भुंकणं."

"आता बुधवारी जायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. इतक्या पटकन ती माझं कधी ऐकत नाही.

दोन बुधवार ती खरंच घरी राहिली. मग हॉलला शंभर वर्षं झाल्याची जाहिरात आमच्याच पेपरात आली. खास खेळ, जुना मूकपट. पियानोवर क्लेम पास्को, आमच्या शाळेतले संगीताचे निवृत्त सर.

खेळाच्या दिवशी सकाळी आठला मावशीचा फोन.

"मूकपट आहे, केरी. त्यात कुणीच बोलत नाही... या वेळी ऐकू येईल."

डल्सी तिला बोलावणार आणि ही उठून जाणार, एवढंच मला दिसत होतं. मी परोपरीने समजावून पाहिलं. रागावले. रडले.

"मैत्रीण इतके आठवडे बोलतेय आणि मी कानात बोळे घालून बसू? तुला भीती वाटत असेल तर तू नको येऊ."

नेव्हला फोन केला. दुसरा सिनेमा लाव म्हटलं.

"तिकिटं संपलीत बाई," तो हसला. "मेयर येतोय. आता काय मी त्याला घरचा लग्नाचा व्हिडिओ दाखवू?"

शेवटी मी सुट्टी टाकली आणि तिच्याबरोबर गेले. तिच्या शेजारी बसायचं. हात धरून ठेवायचा. दुसरं माझ्या हातात काहीच नव्हतं.

हॉल गच्च भरलेला. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, गारठा असा की तोंडातून वाफ निघत होती. तिथे प्रत्येक नेहमीचा माणूस आपलं विणलेलं पांघरूण खुर्चीवरच ठेवतो. माणूस गेला तरी पांघरूण वर्षभर तिथेच राहतं आणि त्या खुर्चीत कुणी बसत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं.

पण मावशीच्या शेजारची तेवढी एकच खुर्ची रिकामी होती.

मी पांघरूण उचललं आणि बसले. थंडी वाजत होती म्हणून ते मांडीवर घेतलं. नेव्ह पलीकडून माझ्याकडे बघत राहिला. काही म्हणणार होता. पण मेयरचं भाषण संपलं आणि दिवे गेले.

पियानो सुरू झाला.

पडद्यावर एक माणूस शिडी घेऊन धावत होता. शिडी पोलिसाला लागत होती. लोक खो-खो हसत होते.

मी पडद्याचा कोपरा न् कोपरा बघत होते. शिडी... पोलीस... रस्ता...

बाई नव्हती.

मावशीचा हात माझ्या हातात घट्ट झाला. ती पुढे वाकली.

आणि पियानो थांबला.

मध्येच, सूर अर्धवट टाकून. हसणंही विरलं. हॉलमध्ये फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज.

"हो गं," मावशी हळूच म्हणाली.

मग गप्प. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"नाही, तसं नाही..."

पुन्हा गप्प.

मी तिचा दंड हलवला. कानाशी हाका मारल्या. तिला मी दिसत नव्हते, ऐकूही येत नव्हते. पेसमेकर, अँब्युलन्स, सगळं डोक्यात येऊन गेलं आणि मला खुर्चीतून उठताच येईना.

मावशीने तोंड माझ्याकडे वळवलं. माझ्यावरून नजर फिरवली. पुन्हा पडद्याकडे बघून एकच शब्द बोलली. तो मला ऐकू आला नाही.

पियानो पुन्हा सुरू झाला.

मध्यंतरात मावशीने दोन स्कोन खाल्ले. गालांवर रंग आला होता. मी क्लेम सरांना गाठलं.

"सर, मध्येच का थांबलात?"

"अगं, तुमच्या रांगेत दोघी बोलत होत्या. शंभरीचा खास खेळ असला म्हणून काय झालं, माणसांचं बोलणं मध्येच तोडणं बरं दिसेना."

"दोघी?"

"एल्वा आणि ती दुसरी. आधी वाटलं तूच. पण आवाज तुझा नव्हता. घसा बसलेला, सर्दी झाल्यासारखा."

सर उजव्या कानाने कमी ऐकतात. पण माझ्या रांगेकडे त्यांचा डावा कान होता. हे मी नंतर जाऊन, त्यांच्या स्टुलावर बसून तपासलं.

घरी जाताना मावशी गुणगुणत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं.

"तिने बोलावलं का तुला?"

"छे! मला कशाला बोलावेल? भांडायला आली होती."

"कशावरून?"

मावशी खिडकीबाहेर बघू लागली.

"सांग ना."

"तिने विचारलं, माझ्या जागेवर कोण बसलंय?"

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. सिग्नल हिरवा झाला होता.

"आणि तू काय सांगितलंस?"

"अगं, ती किती पुढे आली होती... मला खोटं बोलता येईना, केरी. मी तुझं नाव सांगितलं."

त्या बुधवारनंतर मावशीला ती एकदाही दिसलेली नाही. मावशी ठणठणीत आहे. दर आठवड्याला फोन येतो. परवा एक गाण्यांचा सिनेमा पाहिला तिने. नाच चांगला, गोष्ट भिकार. मग स्वतःहूनच म्हणाली, "मी सगळीकडे नीट बघितलं गं. नाहीये ती. इथून गेली."

कुठे गेली, हे मी विचारलं नाही.

पांघरूण मी धुऊन, इस्त्री करून परत ठेवून आले. हॉलमध्ये एकटीने उभं राहून माफीही मागितली. काही झालं नाही. काही होईल असं वाटतही नव्हतं.

मी आता सिनेमा बघत नाही. घरातला टीव्ही शेजाऱ्यांना देऊन टाकला. पण ऑफिसात समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि बातम्या दिवसभर चालू असतात. तो बंद करा, असं मी संपादकांना काय कारण देऊन सांगू?

मी टेबल फिरवून घेतलंय. भिंतीकडे पाठ करून बसते.

काल आमचा नवा वार्ताहर कॉफी घेऊन आला. माझ्या खांद्यावरून टीव्हीकडे बघत म्हणाला, "केरी, ही पुराची बातमी कुठली गं? बातमीदार बाई रेनकोटात आहे, पण पाऊस तर कुठेच दिसत नाहीये..."

मी मागे वळून पाहिलं नाही.