राहीच्या पोटातली कडी

तेव्हा मी अलिबागजवळच्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. साल एकोणीसशे छत्तीस असेल. एका सकाळी रेवसकडच्या मिठागरावरची राही नावाची बाई बैलगाडीतून आली. सहा बाळंतपणं झालेली. सातवं नको म्हणून वर्षापूर्वी तिनं मुंबईच्या एका डॉक्टरांकडून गर्भाशयात चांदीच्या तारेची कडी बसवून घेतली होती. आता पोट फुगलं होतं, अंग तापलं होतं.

आमच्या डॉक्टर कोकिळाबाईंनी तपासलं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "सोनूबाई, कडी जागेवर नाही. आत पोटात सरकलीय. उघडावं लागेल."

क्लोरोफॉर्म देण्याचं काम माझं. राहीच्या नाकातोंडावर जाळी धरून मी थेंब थेंब टाकत होते. खोलीभर तो गोडसर वास. बाईंची बोटं आतड्यांमधून फिरत होती. पाऊण तास झाला तरी कडी सापडेना. राहीची नाडी माझ्या बोटाखाली दोऱ्यासारखी बारीक होत चालली.

"थांबावं लागणार," बाई पुटपुटल्या.

"डावीकडं... मागल्या अंगाला..." दबका आवाज आला.

बाईंनी हात वळवला. कडी वर आली. काळी पडलेली, एवढीशी.

टाके घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

मी बोललेच नव्हते. मला वाटलं होतं, राहीच ग्लानीत बोलली. पण तिचे ओठ जाळीखाली हललेही नव्हते.

ऊन कलताना राही शुद्धीवर आली. मी ओल्या कापसानं तिचे ओठ टिपत होते.

"केसर कुठं गेली?" तिनं विचारलं.

"कोण केसर?"

"माजी जाव. तुमच्या पाठीशीच हुबी होती की..." ती थांबत थांबत बोलत होती. "आमी दोघींनी एकाच दिशी कडी बसवली. घरात कुनाला म्हाईत न्हाय. तिची बी सरकली. लाजंपायी बोलली न्हाय... चैतात गेली."

मी तिचा हात धरून बसले. पोटातलं दुखणं शेजारी झोपणाऱ्या नवऱ्यालाही न सांगणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या होत्या. उशिरा आलेल्या. न आलेल्या किती, कोण जाणे.

एवढ्यात कोकिळाबाई हात पुसत आत आल्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"सोनूबाई, बाहेर बाकावर एक बाई पोट धरून बसलीय," त्या म्हणाल्या. "राहीची जाऊ आहे म्हणते, तिचीही कडी सरकलीय. आत घ्या तिला."