विचारलं असतंत तर

दारावर बाईचं चित्र होतं, म्हणून तिनं दार उघडलं. आत लोखंडी पाइप होते. जमिनीपासून छतापर्यंत रचलेले, वर गोणपाट टाकलेले, आणि कोपऱ्यात एक मांजर पिलांसकट मुक्कामाला.

"इकडे कुठे?" मागून कुणीतरी एवढ्या मोठ्यानं विचारलं, की मांजरसुद्धा दचकलं.

तिनं वळून पाहिलं. कोपरापर्यंत ग्रीस माखलेला, कपाळावर घाम, शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर असा एक माणूस उभा होता. ओरडत मात्र नव्हता. चेहऱ्यावर राग नव्हता, आवाजच मुळात तेवढा मोठा होता.

"स्वच्छतागृहात," ती म्हणाली. "पण इथे तुमचे पाइप आधीच येऊन बसलेत."

"हे स्टोअर आहे."

"दारावर बाईचं चित्र आहे."

त्यानं दाराकडे असं पाहिलं, जणू ते आजच कुणी रंगवून गेलं होतं. "आहे खरं," तो म्हणाला.

तिनं ओळखपत्र पुढे केलं. समान संधी कार्यालय, निरीक्षक. सरकारी आस्थापनांमध्ये बायकांना काम करता येईल अशी व्यवस्था आहे की नाही, हे बघत हिंडायचं हे तिचं काम. त्यात आता नवा नियम आला होता. सगळी पदं आणि सगळ्या पाळ्या बायकांना खुल्या. नियम कागदावर चकचकीत होता. प्रत्यक्षात तो कुठे कुठे अडतो, हे शोधायला तिला पाठवत. घरात ती धाकटी, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. ऑफिसातही तेच नाव पडलं, पण ते तिच्या बारकाईमुळे.

"मी इथला इंजिनिअर," तो म्हणाला. हात पुढे केला, ग्रीस दिसल्यावर मागे घेतला. "पण एक विचारू का? पंपगृहावर एकही बाई कामाला नाही. मग हे स्वच्छतागृह कुणासाठी?"

"स्वच्छतागृह नाही, म्हणून बाई नाही."

"म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी, तसं झालं."

"तसं नाही. पाइप आधी. ते बाहेर काढा."

तो हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसायचा. बारकीनं तेही टिपलं. अहवालात मात्र लिहिलं नाही.

महिन्याभरानं ती फेरतपासणीला गेली, तेव्हा पाइप हलले होते, फरशी बसली होती, नळाला पाणी होतं. अख्ख्या शहराला पाणी देणाऱ्या जागेत पाणी असणं ही मोठी गोष्ट नव्हे, असं ती म्हणाली. तरीही दाराला आतून दोन कड्या आहेत, हे तिच्या लक्षात आलं.

"दोन कशाला?"

"एक तुटली तर? खोळंबा नको." मग जरा थांबून तो म्हणाला, "मांजरीची सोय मागच्या शेडमध्ये केलीय. तिचाही काही नियम असेल तर सांगा."

"तिची तक्रार आली, तर बघू."

तपासणीत पंपांचं मोठं दालनही होतं. तिथे चार पंप एकदम चालत. जमीन पायाखाली थरथरायची, आणि बोलायचं तर माणसाच्या कानाशी जावं लागायचं. तो दिव्यांच्या जागा दाखवत होता, ती मान हलवत होती. एकदा तो तिच्या कानाजवळ वाकून काहीतरी म्हणाला. तिला फक्त ऊब कळली, शब्द नाही.

"काय म्हणालात?" ती ओरडली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पंपावरच्या काट्याकडे पाहिलं. "काही नाही," तोही ओरडला. "प्रेशर बरोबर आहे म्हटलं."

त्याचे कान लाल झाले होते. काटा तर अजून हलतच होता... बारकी खाली मान घालून लिहीत राहिली. काय लिहिलं, ते तिला नंतर वाचता आलं नाही.

पुढे भरती झाली आणि दोन ऑपरेटर बायका पंपगृहावर रुजू झाल्या. त्यामुळे तिच्या फेऱ्या वाढल्या. काही कामाच्या होत्या. काही... ओढून ताणून कामाच्या केलेल्या होत्या. पायऱ्यांना कठडा बसला का, हे फोनवरही विचारता आलं असतं. ते बघायला ती दोनदा गेली. तो तिला कठडा हलवून दाखवायचा आणि मग दोघं फाटकापाशी चहा प्यायचे.

"आज प्रेशर कसं आहे?" ती साळसूदपणे विचारायची.

"वाढलंय जरा," तो म्हणायचा. "निरीक्षक आल्या की वाढतंच."

याच्या पुढे मात्र गाडी सरकत नव्हती. तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि शेवटी व्हॉल्व्हवर यायचा. ती वाट बघायची, मग घड्याळ बघायची, मग बस पकडायची. घरी आई म्हणायची, "एवढे व्हॉल्व्ह शिकलीस, आता नळ गळतो तो तरी दुरुस्त कर."

अशात तिच्या टेबलावर एक तक्रार आली.

दोघींमधल्या उंच ऑपरेटरनं ती केली होती. पंपगृहावर पाळ्या फिरत्या असतात. आठवडाभर दिवस, आठवडाभर रात्र. पण इंजिनिअर साहेबांनी बायकांना कायमची दिवसपाळीच लावली होती. रात्रपाळीचा अनुभव नसेल तर मुख्य ऑपरेटर होता येत नाही, हे बाईंना माहीत होतं. शिवाय त्यांचा मुलगा लहान होता. रात्री तो आजीजवळ झोपतो, दिवसा त्याला आई हवी. 'मला रात्रपाळी हवी आहे आणि मला कुणी विचारलंच नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं.

बारकीनं ते वाचलं आणि पहिला विचार तिच्या मनात आला तो असा: त्यानं वाईट हेतूनं केलं नसणार. त्याला काळजी वाटली असणार.

मग ती स्वतःवरच दचकली. तक्रारदाराचं म्हणणं अजून ऐकलेलं नव्हतं, आणि ती त्याची बाजू मांडून मोकळी झाली होती.

ती उठली आणि संचालक मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम या कार्यालयाच्या प्रमुख. निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या.

"मॅडम, पंपगृहाची तक्रार मी ऐकू शकत नाही."

"का? ते तुझ्याच विभागात येतं."

"येतं. म्हणूनच... म्हणजे म्हणून नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "इंजिनिअर चांगला आहे का?"

"कामाला चांगला आहे."

"मी कामाचं विचारलं नाही."

बारकी खिडकीबाहेर बघत राहिली. "आमच्यात काही नाही, मॅडम. कुणी कुणाला काही म्हटलेलंही नाही अजून."

"मग मी कारण काय लिहू?"

"माझं मन तटस्थ नाही, एवढं लिहा."

मॅडमनी लिहिलं. मग पेनला टोपण लावत विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे आधी कार्यालयाला कळवलंस, त्याला नंतर कळणार. वा. प्रेमसुद्धा योग्य मार्गानं, वरिष्ठांमार्फत." त्या हसल्या नाहीत, पण चष्मा घालताना त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "जा. मी ही फाइल करवतकडे देते."

'करवत' हे कार्यालयातले सर्वांत ज्येष्ठ निरीक्षक. समोर कोण आहे ते न बघता कापत जाणारे, म्हणून हे नाव. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला. ऑपरेटर बाईंचं म्हणणं खरं, पाळ्या सर्वांना सारख्या फिराव्यात, आणि इंजिनिअरच्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद व्हावी. त्याची त्या वर्षीची बढती त्या नोंदीनं अडली.

निकाल बरोबर होता, हे बारकीला पटत होतं. त्याचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. कोणत्या तोंडानं करणार? दिवस गेले, मग आठवडे. ती शाळा तपासून आली, छापखाना तपासून आली. छापखान्याचा कठडा डगमगत होता. तो धरून ती उगाच बराच वेळ उभी राहिली.

आणि मग एका दुपारी तो तिच्या कार्यालयाखाली उभा दिसला. धुतलेला शर्ट, हात स्वच्छ, चेहरा उतरलेला. रस्त्यापलीकडे चहाचं दुकान होतं. दोघं तिथे जाऊन बसली.

"सुनावणीला तुम्ही असाल असं वाटलं होतं," तो म्हणाला. आज त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "दार उघडलं, तर आत ते गृहस्थ. तुम्ही ऐकलं असतंत, तर मी समजावलं असतं."

"तुम्ही समजावलं असतं," ती म्हणाली, "आणि मी समजून घेतलं असतं. भीती त्याचीच होती."

"म्हणजे?"

कपातल्या चहावर साय धरत होती. तिनं ती चमच्यानं बाजूला केली. "त्या बाईंना असं कुणीतरी हवं होतं, ज्याला दोघांचंही सारखं ऐकू येईल. मला तुमचं जास्त ऐकू आलं असतं. मॅडमना मी तसं सांगितलं, आणि त्यांनी तसं लिहूनही घेतलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला समजायला वेळ लागला. समजलं, तेव्हा कान आधी लाल झाले.

"हे... तुमच्या मॅडमना माहीत आहे?"

"शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीच तेवढे राहिला होतात."

दुकानदार फडकं मारून गेला.

"मला राग आला होता," तो म्हणाला. "तुमचा नाही... म्हणजे, तुमचाही. वाटलं, मी त्यांच्या भल्यासाठी केलं आणि मलाच ठपका. तसाच तणतणत त्या बाईंकडे गेलो. म्हटलं, रात्री आवारात अंधार असतो, फाटकापर्यंत चालत यावं लागतं, मला तुमची काळजी वाटली. तर त्या म्हणाल्या, साहेब, काळजी नको, दिवे लावा."

"मग?"

"लावले. फाटकापर्यंत. तर पुरुष ऑपरेटर म्हणाले, बरं झालं, आम्हीही इतकी वर्षं ठेचाच खात होतो." तो कसनुसा हसला. "त्यांना आधी विचारलं असतं, तर एवढं रामायण झालंच नसतं. मी माझ्या मनानंच ठरवून टाकलं, त्यांना काय झेपेल आणि काय नाही."

"ते करवत साहेबांनी निकालात लिहिलंय."

"माहीत आहे. पाठ झालाय तो निकाल." त्यानं कप बाजूला सारला. "पण त्यात एक राहिलंय. तुमच्या बाबतीतही मी तेच केलं. एवढे दिवस. तुम्ही निरीक्षक, सगळीकडे हिंडणाऱ्या, मी ग्रीसमध्ये बुडालेला माणूस. तुम्ही नाहीच म्हणाल, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तुम्हाला विचारलंच नाही."

बारकीच्या छातीत चारही पंप एकदम सुरू झाले. चेहरा मात्र तिनं तपासणीचाच ठेवला. "मग यावर काय कार्यवाही करणार आहात?"

"विचारतो." त्यानं श्वास घेतला. पुन्हा घेतला. "तू... माझ्याशी लग्न करशील? लगेच सांगायला पाहिजे असं नाही. आणि काही अटी असतील, तर..."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. त्या 'तू'वर तो जरा अडखळला, आणि नेमका तिथेच तिचा जीव अडकला.

"हो," ती म्हणाली. "माझे दौरे असतात. कधी कधी आठवडाभर घरी नसते."

"मला रात्रपाळी असते."

"पंपगृहाची तपासणी आता मी करणार नाही. यापुढे करवत साहेबच येतील."

"म्हणजे तुझ्यापायी मला जन्मभर करवत," तो म्हणाला, आणि तो चढलेला दात खूप दिवसांनी दिसला. टेबलावरचा तिचा हात त्यानं धरला. मग विचारलं, "चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली.

रविवारी तो घरी आला. बारकीच्या आईनं त्याला समोर बसवलं, पाणी दिलं, आणि नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पगार विचारला नाही, बढतीचंही नाही. ते सगळं मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं, ठपक्यासकट.

"स्वयंपाक येतो का?" आईनं विचारलं.

"येतो," तो म्हणाला.

"काय काय येतं?"

त्यानं बारकीकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिच्या खांद्यांवरून ती हसतेय हे कळत होतं.

"चहा," तो शेवटी म्हणाला.

आई उठली. पदर खोचला आणि स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडलं.

"या," ती म्हणाली. "भात आजच शिकून घ्या. तारीख जेवताना काढू."