चौदा नंबरचा पक्षी

"चप्पल नको फेकूस, त्यालाच लागेल," नीलिमाची मैत्रीण त्रिवेणी म्हणाली. पण तोवर नीलिमाच्या हातातून चप्पल सुटली होती. दोन कावळे उडाले. तिसरा भिंतीवर जाऊन बसला आणि तिथून ओरडू लागला. गटारावरच्या फरशीवर मुठीएवढा हिरवा पक्षी पंख पसरून पडला होता.

नीलिमाने त्याला रुमालात उचललं. त्याची चोच उघडीच होती.

"हा लव्हबर्ड आहे," चिन्मय म्हणाला. तो नीलिमाचा आतेभाऊ. पुण्याहून उन्हाळ्याच्या सुट्टीला हैदराबादेत, चिक्कडपल्लीत मामाकडे आला होता. "आणि पायाला काय बांधलंय बघ."

दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. तिच्यावर आकडा होता, १४.

पक्षी कुठून आला, हे ओळखायला वेळ लागला नाही. चौकात नवीन शोरूम निघालं होतं. 'कलर टीव्ही घ्या, परदेशी पक्ष्यांची जोडी मोफत' असा फलक महिनाभर लटकत होता. काचेमागे सोनेरी पिंजऱ्यात दोन पक्षी झुलत असायचे. गल्लीत केबल आल्यापासून सगळ्यांनाच कलर टीव्ही हवा होता. नीलिमाच्या अप्पांनीही नाव नोंदवलं होतं. उद्या रविवारी वाटप होतं.

आधी तिघं जनावरांच्या दवाखान्यात धावली. डॉक्टर सुनंदाबाईंनी पक्ष्याच्या चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं.

"याला बजरीगर म्हणतात. एका बाजूचे पंख कात्रीने कापलेत, आणि पाणी तर कालपासून मिळालेलं नाही," त्या म्हणाल्या. "हा वाचेल. पण याच्या आधीचे तेरा कुठे आहेत?"

मग तिघं शोरूममध्ये विचारायला गेली. तिथला मॅनेजर युवराज हसला. "चौदा नंबर? बेटा, आमच्याकडे हे दोनच पक्षी. बाकीचे उद्या सकाळी एसी गाडीतून येणार."

"नक्की?" नीलिमाने विचारलं.

"हौ, नक्की. आता जा, काचेला हात लावू नका."

तिघं गेली, पण मागच्या बोळात. तिथे शोरूमचं पत्र्याचं गोडाऊन होतं. नीलिमाने शटरला कान लावला आणि झटकन मागे घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. आतून मात्र बारीक चिवचिव ऐकू येत होती.

पंखा काढलेल्या जागी वर एक भोक होतं. चिन्मयच्या खांद्यावर चढून तिने आत पाहिलं. सुतळीने बांधलेले पुठ्ठ्याचे खोके, त्यांना पेन्सिलने पाडलेली भोकं. थप्पीवरचा, भोकाच्या अगदी खालचा एक खोका फाटला होता. पाण्याचं भांडं कुठेच नव्हतं.

हे ऐकून संध्याकाळी डॉक्टर स्वतः शोरूमवर जाऊन आल्या. गोडाऊनची चावी मालकाकडे आणि मालक गावाला, असं सांगून युवराजने त्यांना वाटेला लावलं.

घरी अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "मोठ्यांच्या धंद्यात आपण पडू नये. उद्या तो पक्षी परत देऊन टाक."

"नाही देणार."

"नीलू, टीव्ही मिळायचाय आपल्याला."

"मला नको टीव्ही. आणि अप्पा, उद्या मी त्या मॅनेजरला विचारणार आहे. सगळ्यांसमोर."

अप्पा चष्मा चढवून आतल्या खोलीत निघून गेले. नीलिमाला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

रविवारी शोरूमसमोर शामियाना लागला. युवराज माईकवरून नावं पुकारू लागला, तशी नीलिमा हिरव्या पक्ष्याला दवाखान्यातून आणलेल्या पिंजऱ्यात घेऊन सरळ स्टेजवर चढली.

"काका, हा पक्षी तुमचा का?"

युवराजने चिठ्ठी पाहिली. कालपासून एक जोडी अपुरी पडत होती, आणि आता तो हरवलेला पक्षी समोर आला होता. त्याला राहवलं नाही.

"आमचाच," तो माईकमध्ये म्हणाला. "वीस पक्ष्यांतला हा चौदावा. गोडाऊनमधून पळवला पोरांनी."

"पण गोडाऊनमध्ये पक्षी नव्हतेच ना? बाकीचे आज एसी गाडीतून येणार, असं काल तुम्हीच म्हणालात. हा तर काल सकाळी गटारावर पडला होता. गाडी यायच्या आधी हा आला कसा?"

खुर्च्यांमधून कोणीतरी हसलं. युवराजचा चेहरा उतरला.

"ए पोरी, खाली उतर."

"नाही उतरणार." तिने पिंजरा छातीशी घट्ट धरला.

तिसऱ्या रांगेतून अप्पा उठले. आता हात धरून नेतात, असं नीलिमाला वाटलं. पण अप्पा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मी तुमचं गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. "मोफत देणार ते कुठे ठेवलंय, मला बघायचंय. गोडाऊन उघडा."

"आम्हालाही बघायचंय," मागून एक बाई म्हणाल्या. मग आणखी दोघं उठली. शामियान्याच्या कडेला डॉक्टर सुनंदाबाई औषधांची पेटी घेऊन तयारच होत्या.

गावाला गेलेल्या मालकाची चावी युवराजच्या खिशातून निघाली.

शटर वर गेलं तशी गरम वाफ तोंडावर आली. डॉक्टरांनी सुतळ्या कापल्या. चिन्मय आणि त्रिवेणी पाण्याच्या वाट्या पुढे करत होते. सतरा पक्ष्यांपैकी चार हलले नाहीत. नीलिमाने तोंड फिरवलं नाही. तिने त्या चौघांना एकेक करून कागदात गुंडाळलं.

युवराजने काचेमागची जोडीसुद्धा निमूटपणे डॉक्टरांच्या हवाली केली. डॉक्टरांनी तिथेच तक्रार लिहिली, आणि खाली पहिली सही अप्पांनी केली. टीव्हीसाठी नोंदवलेलं आपलं नावही त्यांनी काढून घेतलं.

दुपारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "काल मी एवढी शिकलेली बाई त्या दारातून परत फिरले. तुम्ही तिघांनी ते दार उघडायला लावलंत. आता हा हिरवा कोणाच्या घरी जाणार?"

"माझ्या," नीलिमा म्हणाली. "पण एकटा नाही नेणार. त्याला सोबत पाहिजे."

"आणि मोठा पिंजरा. घरी असाल तेव्हा खिडक्या लावून खोलीत मोकळं सोडायचं. पंख परत येतील, पण काही महिने लागतील." डॉक्टरांनी एक निळी मादी त्याच्या शेजारी सोडली.

चिन्मय आणि त्रिवेणी बाकीच्या पक्ष्यांना दाणे घालायला थांबले. अप्पांनी रिक्षा थांबवली आणि पिंजरा मांडीवर घेतला.

"काल मी तुला गप्प करत होतो," ते नीलिमाकडे न बघता म्हणाले. "बरं झालं, ऐकलं नाहीस."

रिक्षा खड्ड्यात आदळली. अप्पांनी दोन्ही हातांनी पिंजरा धरला आणि पुढे वाकले.

"आहिस्ता चलाओ भाई," ते म्हणाले. "अंदर बच्चे हैं."