धवलारणीच्या पदराची गाठ

सुकापूरच्या गावठाणात लग्न ठरलं की हॉलच्याही आधी धवलारीण ठरवतात. हळदीच्या मांडवात बसून 'धवला' या गाण्यातून देवांना बोलावणारी ही बाई. ती गायली नाही तर हळद लागली असं जुनी माणसं मानतच नाहीत. तिला नेमायची रीत साधी. मुलीची आई हळद माखलेली सुपारी तिच्या हातावर ठेवते, धवलारीण ती पदराच्या टोकाला बांधते, आणि हळद लागेपर्यंत ती गाठ सोडत नाही.

दोन हजार एकोणीसच्या माघातली गोष्ट. गावातल्या धवलारणींच्या तारखा शशिकलाकाकी सांभाळायची. स्वतः गात नसे. आवाज बेताचा, पण डोकं थंड आणि शब्द पक्का. आमंत्रणं पार उरणपासून येऊ लागली होती, आणि एकच बाई एकाच दिवशी दोन मांडवांना कबूल झाल्याचा घोळ मागच्या हंगामात निस्तरता निस्तरता काकीच्या नाकी नऊ आले होते. म्हणून तिच्या लेकीने, निशाने, दिवाळीआधीच सगळ्या बायकांच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. एकीने लिहिलं की बाकीच्यांना लगेच दिसायचं.

त्या दुपारी जेवणं आटोपून काकी लॅपटॉपपुढे बसली. लग्नांचा तक्ता भरून झाला होता, आता त्याचं कॅलेंडर करायचं होतं. निशा कळंबोलीच्या ऑफिसातून फोनवर सांगत होती.

"आई, वर 'नवीन व्ह्यू' दिसतंय? त्यात कॅलेंडर निवड."

"निवडलं. कोरंच आहे की गं."

"तू तारखेचा रकाना साध्या मजकुराचा ठेवला असशील. त्याचा प्रकार 'तारीख' कर."

काकीने केला. आणि बघता बघता सगळी लग्नं आपापल्या चौकोनात जाऊन बसली, पंगतीत माणसं बसावीत तशी.

"जमलं बाई!"

"आता तूच ये इकडे, आमच्या साहेबांना शिकव," निशा हसली.

एकच पट्टी खटकली. उद्याची. कामोठ्याच्या दाजींची मुलगी भावना, तिची हळद. खाली नाव होतं, गंगाबाई.

गंगाबाई दिवाळीनंतर वारली होती. तिच्या जागी तिची सून भामा गाणार, हे दाजींना सांगूनही झालं होतं. भामाची ती पहिलीच हळद. काकीने नाव खोडलं, 'भामा' लिहिलं आणि चहा ठेवायला उठली.

परत आली तर पट्टीवर गंगाबाई.

तिने पुन्हा बदललं. या वेळी उठली नाही, बघत बसली. अक्षरं एकेक करून मागे गेली... आणि एकेक करून दुसरी उमटली. कुणीतरी सावकाश, एका बोटाने टाइप करावं तशी.

"निशा, ह्यात कोण हात घालतंय ते कळतं का गं?"

"वर कोपऱ्यात गोल दिसतात बघ. ज्याने उघडलंय त्याच्या नावाचं पहिलं अक्षर."

गोल दोन होते. एकात 'श'. दुसऱ्यात 'ग'.

"जुनं अडकलं असेल, आई. गंगाकाकीचा मोबाइल कुठे आहे?"

"त्यांच्या जुन्या घरात, कपाटात. पण तिथली वीज कधीच तोडलीय..."



तेवढ्यात दारात भामा उभी राहिली. चेहरा उतरलेला. बोलली ती नुसत्या श्वासाने.

"काकी... माझा आवाज गेला."

"कधी?"

"आता. भांडी घासताना धवला म्हणत होते, न मधीच कुणी गला धरल्यागत... उद्या कसं करू? सगली म्हणतील, सासूची सर सुनेला नाय."

काकीने लॅपटॉपकडे पाहिलं, मग भामाकडे.

"दाजींकडची सुपारी कुणी घेतली होती?"

"सासूनंच. साखरपुड्याला."

"आणि ती आपण मागून घेतली का?"

भामाने नकारार्थी मान हलवली. मरणाच्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दाजींना फोन गेला, आज तक्त्यातलं नावही बदललं, पण गाठ तशीच राहिली होती.

"चल," काकी पदर खोचत म्हणाली. "चूक आपली आहे, तर आपणच निस्तरू. घाबरायचं काय त्यात? ती काय परकी होती?"

घरची माणसं समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेल्यापासून गंगाबाईचं बैठं घर कुलूपबंद होतं. बाहेर लखलखीत ऊन. दार उघडलं तशी आतली गारठलेली हवा अंगावर आली. आधी कोंदट वास, आणि त्याच्या मागोमाग दुसरा. ओल्या, नुकत्या वाटलेल्या हळदीचा.

दांडीवर गंगाबाईचं हिरवं लुगडं होतं. पदराला गाठ. काकीने ती हातात धरली. गाठ ओली होती.

कपाटात काहीतरी घुरघुरलं. मोबाइल... भामाने काकीचं मनगट घट्ट पकडलं.

"गंगावहिनी," काकी म्हणाली. आवाज तिने हलू दिला नाही. "चुकलं आमचं. आधी मागायला हवं होतं. आता मागते. भावनाची सुपारी भामाला द्या."

नखं लावली, गाठ सुटेना.

"भामा, गा."

"नाय येत, काकी..."

"मोठ्याने नको. तिला ऐकू जाईल एवढंच."

भामाने तोंड उघडलं. आधी नुसती हवा. मग खरखर. मग धवल्याची पहिली ओळ, बारीक, कापरी... आणि ती संपते न संपते तोच आतल्या अंधाऱ्या चुलीपाशी कुणीतरी दुसरी ओळ उचलली. हळू, खालच्या पट्टीत, कामात गुंतलेली म्हातारी गुणगुणते तशी.

भामा थांबली नाही. सासूपुढे मध्येच थांबायची तिची टापच नव्हती.

काकीच्या मुठीत गाठ आपसूक सैल झाली. सुपारी तिच्या तळहातावर पडली, तिने ती भामाच्या हातावर ठेवली. आतला आवाज बंद झाला. काकीच्या मोबाइलवर उद्याच्या पट्टीत नाव होतं, भामा.

कामोठ्याला हळद अशी रंगली की डीजेवाल्या पोरांनी न सांगता आवाज बंद केला. निघताना दाजी हात जोडून म्हणाले, "वहिनी, सुनेनं नाव काढलं. पण तोंडावर पदर घेऊन मागं बसून साथ करनारी ती म्हातारी कोन? पानसुपारी न घेताच गेली."

"घरचीच आहे," काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निवांत कॅलेंडर चाळत होती. फाल्गुन भरलेला. चैत्र अर्धा. वैशाख रिकामा असायला हवा होता, कारण त्या महिन्याच्या नोंदी अजून घेतल्याच नव्हत्या. पण एका चौकोनात पट्टी होती.

'निशाची हळद. धवलारीण गंगाबाई.'

निशासाठी अजून एक स्थळही पाहिलं नव्हतं. ती समोरच पोहे खात बसली होती.

काकीचं बोट खोडायच्या बटणावर गेलं, तोच फोन वाजला.

"काकी, तुमी परत आमच्या जुन्या घरात गेल्ता का?" भामाचा आवाज आता स्वच्छ होता, पण फार हळू.

"नाही. का गं?"

"मी दिवा लावाया आले... लुगड्याला गाठ हाय. आत सुपारी हाय. सोडू?"

काकीने बटणावरचं बोट मागे घेतलं.

"नको. हळद लागेपर्यंत गाठ सोडत नाहीत."

"पन काकी... दिली कोनी?"

काकीने उजवा तळहात उघडून पाहिला. परवा त्या घरातून आल्या आल्या साबणाने घासून धुतला होता. तरी मधोमध, सुपारीएवढा, पिवळा गोल तसाच ओला होता.