पान पूर्ण भरेपर्यंत

आमच्या कारखान्यातली अपघातांची नोंदवही कागदाची राहिलेली नाही. ते एक वेबपान आहे आणि ते मीच बांधलंय. पण सरकारी तपासनीसांना कागदच लागतो, म्हणून रोज त्या पानाची पीडीएफ करून सुरक्षा अधिकाऱ्यांना पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण असं पान कुठे तयार ठेवलेलं नसतं. कुणी ते उघडलं की त्या क्षणी जमवलं जातं. आधी रिकामे रकाने येतात, मग त्यांत कामगाराचा टोकन नंबर, वेळ, जागा, आणि सगळ्यात शेवटी माणसाची आकृती, जिथे लागलं तिथे लाल रंग भरलेली. पीडीएफ करणारा प्रोग्रॅम महाउतावळा. पान उघडलं रे उघडलं की छापून मोकळा.

"बाई, यात माणूसच नाही," अधिकारी म्हणाले. "नुसतं डोकं आलंय."

"येईल, साहेब. त्याला जरा थांबायला शिकवते."

छापण्याआधी किती थांबायचं ते सेकंदाच्या हजाराव्या भागांत द्यावं लागतं. तीन सेकंदांसाठी तीन हजार. मी घाईत एक शून्य जास्त दिलं आणि तीस सेकंद झाले. चूक लक्षात आली, पण आकृत्या इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की म्हटलं, राहू दे.

त्या पीडीएफमध्ये शेवटची ओळ टोकन अठ्ठ्याऐंशीची होती. डावा हात, तीन बोटं, दुपारी दोन चाळीस. माझ्या घड्याळात सव्वादहा वाजले होते. मी वेबपान उघडून पाहिलं, तिथे ही ओळच नव्हती. कुणीतरी चाचणीसाठी भरून नंतर काढून टाकली असेल, असं म्हणून मी चहा घ्यायला गेले.

दोन चाळीसला खालच्या प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा साच्यात दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागातून, किंकाळी आली. माणूस इतका वेळ एका दमात ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. दोन बोटं सापडली. तिसरं पत्र्याला चिकटून पुढच्या साच्यात गेलं आणि पत्र्याबरोबर चपटं झालं. टोकन अठ्ठ्याऐंशीचा तो कामगार डाव्या तळहाताकडे बघत सारखं विचारत होता, "मोजा ना, किती राहिलीत?"

मी हिशेबी बाई आहे. दोन दिवस सर्व्हरचं घड्याळ, जुन्या प्रती, सगळं उपसून काढलं. कारण हाती लागलं नाही; एवढंच दिसलं, की जास्त थांबलं की पान पुढचं दाखवतं. कुणाला सांगितलं असतं तर मलाच रजेवर धाडलं असतं. शहाण्या माणसाने ते जास्तीचं शून्य काढून टाकलं असतं. मी ठेवलं, कारण त्याच प्रेस शॉपमध्ये माझा धाकटा भाऊ काम करतो. टोकन एकशे सतरा. वडील गेल्यावर त्याला मीच वाढवलं, ही नोकरीही मीच लावून दिली.

गुरुवारी सर्व्हर रुसला होता. पीडीएफ निघाली तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते. शेवटची ओळ: टोकन एकशे सतरा, बारा पंचवीस. आकृतीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल. जागेचा रकाना कोरा होता, तो अजून भरायचा होता.

तो भरावा म्हणून मी थांबण्याची वेळ दहा मिनिटं केली, प्रत थेट प्रिंटरवर निघेल असं करून प्रोग्रॅम पुन्हा चालू केला आणि जिन्याकडे धावले.

भाऊ मोठ्या प्रेसवर होता. ती दोघांनी चालवायची प्रेस आहे आणि बंद करायचं लाल बटण त्याच्या बाजूला. मी त्याची बाही ओढली.

"ताई? काय झालं?"

"आईचा फोन आलाय. चल."

त्याचा चेहरा उतरला. जोडीदार म्हणाला, "जा रे, हा शेवटचा पत्रा मी काढतो." बाकीचे जेवायला गेले होते.

माझी खोली वर आहे, प्रेस शॉपकडे काचेची भिंत असलेली. तिथे धार नाही, चाक नाही, साचा नाही. भावाला आत ढकलून मी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली.

"आई बरी आहे," मी म्हणाले. "पाच मिनिटं गप बस."

तो हसला. "तुला काय वेड लागलंय का गं? माझा डबा थंड होतोय."

बारा तेवीसला तो हसायचा थांबला. काचेतून खाली बघत होता. जोडीदाराची बाही साच्यात अडकली होती आणि तो दुसऱ्या हाताने टेबलाला धरून उलटा ओढत होता. लाल बटण त्याच्यापासून दोन हात लांब.

"किल्ली दे."

"दोन मिनिटं."

"ताई, मरेल तो! किल्ली दे!"

मी दिली नाही. त्याने माझी मूठ पिरगाळली. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याने कोपर माझ्या तोंडावर मारलं, माझा दात तुटून जिभेवर आला, तरी मी त्याचा पट्टा सोडला नाही. खाली प्रेस एकदा आपटली. मग पुन्हा.

भावाने उजव्या हाताने काचेवर ठोसा मारला.

हात आरपार गेला. तो पुढे झेपावत होता, म्हणून मी त्याला मागे ओढलं. सगळ्या ताकदीने ओढलं. काचेचा खालचा दात कोपरापासून मनगटापर्यंत हाड शोधत गेला.

रक्त छताला लागलं. मी ओढणी आवळत होते आणि मागे प्रिंटर चालू झाला.

जागा: संगणक कक्ष.

जोडीदार तिथेच गेला. भावाचा हात कोपरापासून कापावा लागला. रक्त फार गेलंय, डॉक्टर काहीच नक्की सांगत नाहीत.

दहा मिनिटं थांबून निघालेल्या त्या पीडीएफला आणखी एक पान होतं. ते मी दवाखान्यात वाचलं. जखमीचा जबाब, टोकन एकशे सतरा, रविवार, चार वाजून दहा मिनिटं.

"ताईने दार लावलं. मी किल्ली मागितली. तिने दिली नाही. माझा तिच्यावर राग नाही. तिला एवढंच सांगायचंय की"

पुढे काही नाही. त्याखाली छापलंय, जबाब अपूर्ण. मी नंतर एक तास थांबवून पाहिलं, पूर्ण दिवस थांबवून पाहिलं. वाक्य तिथेच तुटतं.

आज रविवार.

अधिकारी जबाब घ्यायला चारला आले. तो झोपलाय असं सांगून मी त्यांना बाहेर काढलं आणि दाराला आतून कडी घातली.

चार वाजून नऊ मिनिटांनी भावाने डोळे उघडले. छताकडे बघत, हळू, एकेक शब्द.

"ताईने दार लावलं."

"बोलू नकोस, राजा," मी म्हणाले.

"मी किल्ली मागितली. तिने दिली नाही."

"नंतर सांग. उद्या सांग."

तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत राग नव्हता. त्याला काय सांगायचंय ते ऐकायला मी काहीही दिलं असतं. पण वाक्य संपेपर्यंत तो राहणार नाही, एवढंच मला दिसत होतं. सुरूच झालं नाही, तर तुटणार कुठून?

मी तळवा त्याच्या तोंडावर ठेवला. घट्ट.

खाली ओठ हलतायत. अजून हलतायत. मी हात काढणार नाही.

त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलंय. मगाशी पकड जास्त घट्ट होती.