पोटाचे दोन खंड

"माझ्या वडिलांनी विष घेतलं असं पोलीस म्हणतात," ती म्हणाली. "ते खरं नाही."

वहिनींनी तिला आधी बसायला सांगितलं. तिशी ओलांडलेली, रुंद चेहऱ्याची बाई. प्रवासातून तशीच उठून आलेली दिसत होती.

वहिनी खासगी तपास करत. नवरा गेल्यावर त्यांनी त्याची कचेरी बंद केली नाही, उलट नावारूपाला आणली. त्यांचे धाकटे दीर शाळेतली मास्तरकी संपल्यापासून त्यांच्याबरोबर हिंडत. त्यांना सगळेच भावजी म्हणत. भावजींच्या डोक्यात प्रकाश जरा उशिराच पडे, पण ते कबूल करायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

"वडील काय करायचे?" वहिनींनी विचारलं.

"तुडतुडे. पानांचा रस शोषणारे किडे असतात ना, तांदळाच्या दाण्याएवढे? अण्णांनी उभं आयुष्य त्यांची वर्गवारी लावण्यात घालवलं."

तुडतुडे वरून पाहिले तर सगळे सारखेच, असं तिनं समजावलं. कोण कुठल्या वंशाचा, हे ठरतं नराच्या जननभागावरून. तो असतो पोटाच्या टोकाला. त्यासाठी पोट तोडून, स्वच्छ करून मायक्रोस्कोपखाली पाहावं लागतं. अण्णांना तरुणपणी एका टेकडीवर असा नर मिळाला, की त्याच्या जननभागाला हरणाच्या शिंगांसारखे दोन फाटे होते. त्यावरून त्यांनी एक नवा वंशच मांडला. गेल्या महिन्यात विभागप्रमुखांनी, म्हणजे अण्णांच्याच विद्यार्थ्यानं, तो मूळ नमुना तपासला. फाटे नव्हतेच. हा वंश अस्तित्वात नाही, छापलेलं चित्र काल्पनिक आहे, असं त्यानं जाहीर केलं.

"लोक अण्णांना खोटारडे म्हणायला लागले. पण अण्णा खचले नव्हते हो, चिडले होते! फोनवर मला म्हणाले, 'याचा छडा लावल्याशिवाय मी राहणार नाही.' असं म्हणणारा माणूस जीव देईल?"

"घरी आणखी कोण असतं?"

"आत्या. अण्णांची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. अण्णांच्या पुस्तकांतली सगळी चित्रं तिच्याच हातची."

संग्रहालयातल्या कीटकांच्या खोलीला फौजदारांनी सील लावलं होतं. दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला. भिंतीभर लाकडी कपाटं, खिडकीशी टेबल, टेबलावर दोन नळ्यांचा मायक्रोस्कोप, शेजारी थर्मास आणि कॉफीचा रिकामा कप.

"विष कपात होतं," फौजदार म्हणाले. "थर्मासमध्ये नाही. किडे मारायच्या जुन्या बाटलीच्या तळाशी सायनाइड असतं. तीच फोडलेली सापडली. सुट्टीचा दिवस, इमारतीत चिटपाखरू नाही. किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे, एक झाडूवाल्याकडे. दुसऱ्या दिवशी झाडूवाल्यानं दार उघडलं तेव्हा ते टेबलावर डोकं टेकून गेलेले. मायक्रोस्कोपचा दिवा तसाच जळत होता."

"मायक्रोस्कोपला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. दिवा तेवढा भिंतीवरच्या बटणानं बंद केला."

वहिनींनी दिवा लावला, हात पाठीमागे बांधले आणि वाकल्या. बराच वेळ पाहिलं.

"भावजी, तुम्ही बघा. कशालाही हात लावू नका."

भावजी वाकले. आपला भलामोठा चेहरा त्यांनी इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"मला एका वेळी एकाच डोळ्यानं दिसतंय. दुसरा डोळा लावायला जावं तर सगळा अंधार. चष्मा बदलायला झालाय वाटतं."

"चष्म्याचा दोष नाही. एका डोळ्यानं काय दिसतं ते सांगा."

"टाचणीवर कागदाचा त्रिकोण, त्याला चिकटवलेला किडा. टाचणी मातीच्या गोळ्यात तिरकी खोचलीय, किड्याची खालची बाजू वर यावी म्हणून. पोट तोडलेलं आहे. नाही, सगळं नाही. छातीला लागून पोटाचे कड्यांसारखे दोन खंड शिल्लक आहेत."

त्याच टाचणीला खाली बोटाच्या पेराहून लहान काचेची कुपी टोचलेली होती. तिच्यात ग्लिसरिनमध्ये तोडलेलं पोट तरंगत होतं. वहिनी खिशातलं भिंग लावून ते पाहत राहिल्या. मग त्यांनी विभागप्रमुखांना बोलावून घेतलं.

ते आले. आडव्या हाडाचे, ऐसपैस चेहऱ्याचे. डोळे सुजलेले.

"त्यांच्या मरणाला मीच कारण झालो," ते आल्या आल्या म्हणाले. "पण मी लिहिलं ते खरं आहे, बाई. दोन पाहुण्या संशोधकांसमोर मी ती कुपी उघडली. बूच इतकं घट्ट बसलं होतं की गरम पाण्यात धरून सोडवावं लागलं. त्याआधी कित्येक वर्षांत तिला कुणी हात लावलेला नव्हता."

"तुम्ही कुपीतलं पाहिलंत. टाचणीवरचा किडा पाहिलात?"

"वरून. तो पेटीत नेहमीसारखा आडवा होता."

"त्याच टेकडीवरचे आणखी नर आहेत?"

ते ओशाळले. "आहेत. शेजारच्या खोलीत. त्यांची पोटं मी अजून उघडली नाहीत."

"मग आता उघडा. काय निघतं ते उद्या सांगा."

बाहेर आल्यावर भावजी पुटपुटले, "वहिनी, याचंच काम आहे हे. गुरूला बाजूला सारायचं होतं त्याला."

"कुपी दोन परक्या माणसांसमोर उघडली त्यानं, भावजी. अदलाबदल करणारा माणूस साक्षीदार गोळा करत नाही."

आत्यांचं घर नीटनेटकं होतं. खिडकीशी चित्राचं टेबल, त्यावर बारीक निबांची रांग. भिंतीवर अण्णांचा फोटो, चेहरा लेकीसारखाच रुंद. आत्या स्वतः एवढ्याशा, चिमणीच्या तोंडाच्या. डोळे लाल, पण आवाज कोरडा.

"त्या दिवशी मी घरीच होते. संग्रहालयात जाऊन मला कित्येक महिने झाले."

"त्या पहिल्या नराचं चित्र तुम्हीच काढलंत?"

"सगळीच मी काढली. अण्णा पोट तोडून द्यायचा. मी चित्र काढायची, कुपीत घालून बूच लावायची, त्याच्या हातात द्यायची. पुढचं त्याचं."

"चित्र खोटं म्हणतात."

आत्या ताठ झाल्या. "मी पाहिलं नाही ते मी कधी काढलं नाही."

"पुस्तकांत तुमचं नाव कुठं दिसलं नाही."

"घरच्या माणसाचं काय नाव घालायचं?" आत्या म्हणाल्या. "असं अण्णा म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कीटकांच्या खोलीत सगळे जमले. मुलगी, आत्या, विभागप्रमुख, फौजदार.

"आधी तुम्ही सांगा," वहिनी विभागप्रमुखांना म्हणाल्या.

त्यांनी मान खाली घातली. "टेकडीवरच्या तिन्ही नरांना फाटे आहेत. चित्रात आहेत हुबेहूब तसेच. अण्णा बरोबर होते. मी घाई केली."

मुलीनं तोंडाला पदर लावला.

"म्हणजे चित्र खरं आणि कुपीतलं पोट खोटं," वहिनी म्हणाल्या. "अण्णांनाही ते कळलं होतं. त्यांनी किडा उलटा करून पाहिला. छातीला दोन खंड चिकटलेले आहेत. मग कुपीतल्या पोटाला ते दोन कमी हवेत. पण कुपीत आहे अख्खं पोट, पहिल्या खंडापासून शेवटपर्यंत. एकाच किड्याला दोन खंड जास्त कसे? ते पोट दुसऱ्याच किड्याचं आहे."

"बदललं कुणी?" फौजदारांनी विचारलं.

"बूच वर्षानुवर्षं हललं नव्हतं. म्हणजे अदलाबदल पहिल्याच दिवशी झाली, चित्र पुरं झाल्यावर आणि बूच लागण्याआधी. त्या वेळात ते पोट एकाच माणसाच्या हातात होतं."

कुणीच आत्यांकडे पाहिलं नाही. आत्या समोरच्या कपाटाकडे पाहत होत्या.

"चूक होती ती," मुलगी घाईनं म्हणाली. "त्याचा अण्णांच्या मरणाशी काय संबंध?"

"सांगते. या मायक्रोस्कोपच्या दोन नळ्या बघणाऱ्याच्या दोन डोळ्यांतल्या अंतराप्रमाणे जवळ-लांब कराव्या लागतात. शेवटी जो बघतो, त्याच्या मापावर त्या राहतात. बाई, तुम्ही बघा. हात लावू नका."

मुलगी वाकली. "एकाच डोळ्यानं दिसतंय."

"तुमचा चेहरा वडिलांसारखा रुंद. भावजींनाही तसंच दिसलं. विभागप्रमुखांचं तोंडही तेवढंच मोठं. मला मात्र दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसलं, कारण माझा चेहरा लहान आहे. किडा तिरका लावला अण्णांनी, ते गेले त्याच दिवशी. म्हणजे त्यानंतर, अण्णांच्याही मागून, लहान चेहऱ्याचं कुणीतरी या टेबलाशी बसलं. नळ्या जवळ घेतल्या आणि हा किडा पाहिला. आत्याबाई, तुम्ही महिनोन् महिने इकडे आला नव्हतात ना? मग बघायला या."

आत्या जागेवरून हलल्या नाहीत.

"मी पाहिलंय ते," त्या म्हणाल्या.



"तेव्हा, तरुणपणी, ते चित्र संपलं आणि पोट चिमट्यातून निसटलं," आत्या हळूहळू बोलू लागल्या. "सगळी फरशी चाचपली. मिळालं नाही. अण्णा रागावेल म्हणून दुसऱ्या किड्याचं घातलं. कुपी उघडणार कोण होतं? परवाच्या सुट्टीच्या दिवशी, तो गेला त्याच दिवशी, त्यानं फोन केला. मला मागच्या दारानं आत घेतलं, या खुर्चीत बसवलं, म्हणाला बघ. मी बघितलं. मी पाया पडले त्याच्या. म्हटलं, कुपी हरवली म्हण, काहीही म्हण. तो म्हणाला, 'आता जगाला सांगावंच लागेल कुणी केलं ते. तुझं नाव छापावंच लागेल.'"

त्यांनी कपाटावरची नजर काढून टेबलाकडे पाहिलं.

"हे एक वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी म्हातारी झाले. आणि तो म्हणाला ते असं. मग तो शेजारच्या खोलीत ते टेकडीवरचे नर आहेत का ते बघायला गेला. बाटली कुठल्या कपाटात असते ते मला माहीत होतं."

फौजदार उठले. त्यांनी आत्यांना हात धरून उभं केलं. आत्यांनी पदर सारखा केला. भाचीकडे पाहायचा त्यांना धीर झाला नाही.

भाची दारापर्यंत आली.  काहीतरी भयंकर बोलेल असं भावजींना वाटलं.

"साहेब," ती फौजदारांना म्हणाली, "हिच्या डोळ्यांत वेळच्या वेळी औषध घालावं लागतं. ते तिचं तिला घालता येत नाही. तिथं कोण घालेल?"

 तिनं पिशवीतून औषधाची बाटली काढली, आत्यांची हनुवटी धरून चेहरा वर केला, आणि तिथंच उभ्या उभ्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले.