सावलीतला तपशील

माझा नवरा मॉस्कोत ट्रक चालवतो. अदिसला, आमच्या तान्ह्याला, त्याने अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्याला पाठवायला म्हणून सोंग-कोल तळ्याकाठच्या उन्हाळी कुरणावर मी चहाच्या डब्याला सुईने भोक पाडून फोटो काढत होते. शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, त्यातूनच लागलेला हा नाद.

"मग फोन काय शोभेला घेतलायस?" अपा म्हणाल्या. अपा म्हणजे माझ्या सासूबाई.

"हा फोटो त्याला उशाशी ठेवता येईल, अपा."

अडचण एकच होती. डब्यात फिल्मऐवजी फोटो छापायचा कागद, आणि कागद भारी हट्टी. बाहेरचं ऊन पांढरंफटक, लोकरी तंबूचा आतला भाग नुसता कोळसा. पाळणा दिसेचना. मग मी कागदाला आधीच पुसटसा उजेड दाखवून घेतला, फोटो धुवायच्या रसायनात पाणी वाढवलं. अपांनी बाळाच्या उशाखाली राखणीला सुरी ठेवली होती. तिचं बाहेर डोकावणारं पातं चमकून फोटोत डाग पडायचा, म्हणून तीही काढून ठेवली.

अंधार जरा उघडला. पाळणा आला. त्यात पट्ट्यांनी बांधलेलं अदिसचं अंग स्पष्ट, डोकं मात्र पुसट, कारण ते तो सारखं हलवतो. पाळण्यामागे एक उभी छटा होती. कागदाचा दोष असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कागदाला उजेड थोडा जास्त दाखवला. छटेला खांदे आले. डब्याचं भोक बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ कुणी माणूस इतकं निश्चल राहूच शकत नाही. मला भीती वाटली.

अपांनी फोटो पाहिला. टोमणा मारला नाही.

"सुरी कुठाय?"

"काढलीय. चमकत होती."

"आधी ठेव ती जागेवर. आणि पोरी, तो अंधार उकरत बसू नकोस."

सुरी ठेवली. पाळणा उंबऱ्यात, उन्हात आणला. अपा शेजारी लोकर पिंजत बसल्या. या वेळी कागदाला आधी उजेड दाखवला नाही, रसायनही घट्टच ठेवलं. आतला काळोख काळाच राहू दे.

सामानाच्या तंबूत, लाल दिव्याखाली, काळं-पांढरं उलटं उमटलेल्या कागदावरून सुलटा फोटो छापला. पाळण्यामागे कोळसा. कुणी नाही.

माझा जीव भांड्यात पडला.

मग अदिसचा चेहरा उमटला. नाक, ओठ, उघडे डोळे. कुठेही पुसट नाही; भोक उघडं होतं तेवढा वेळ डोकं हललंच नव्हतं.

बाहेरून अपांची हाक आली. "नुरझात, बघ तरी. आज किती शहाण्यासारखा पडलाय."